खरवड

माझ्या कानांना सगळे घाबरून असतात. घरचेही आणि कामावरचेही. खुर्ची ओढू नका, उचलून ठेवा, हे मी पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्यालाही तोंडावर सांगितलेलं आहे. नवरा चहा भुरकून पितो. लग्नानंतर आठवड्याभरात मी त्याला कप घेऊन गॅलरीत पाठवलं, आणि तो बिचारा एकोणीस वर्षं गॅलरीतच पितोय. तो बस चालवतो. दिवसभर भोंगे ऐकून घरी आल्यावर त्याला शांतता हवीच असते, पण माझ्या पद्धतीची नको असते. तुझी शांतता म्हणजे शाळेतली शिक्षा आहे, असं तो म्हणतो. खोटं नाही बोलत.

पण माझाही इलाज नाही, कारण मी कानांवरच जगते. चिनी मातीच्या कपांच्या कारखान्यात मी कप वाजवते. सांगितलं की लोक हसतात, पण काम तेच आहे. भट्टीतून निघून थंड झालेले कप चाळीस-चाळीसच्या ट्रेमध्ये माझ्या टेबलावर येतात. डाव्या हाताच्या बोटांवर कप तोलायचा, उजव्या हातातली वीतभर लाकडी दांडी त्याच्या कडेला हलकेच टेकवल्यासारखी मारायची आणि ऐकायचं. कप धड असेल तर टिंग वाजतो, आणि त्यानंतर एक बारीक तार हवेत राहते, केसाएवढी. आत तडा असेल तर बद्द वाजतो. असा तडा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही, पण उकळतं पाणी पडलं की कप हातातच उलतो. बद्द कप खाली पत्र्याच्या डब्यात जातो. धड कपाच्या बुडाला मी माझा निळा ठिपका लावते आणि तो पॅकिंगला पाठवते. निळा ठिपका म्हणजे मी दिलेला शब्द, असं मी समजते.

ती ठिपका लावण्याआधीची तार हा माझा जगातला सगळ्यात लाडका आवाज. लहान मूल हसलेलंही मला तितकं गोड वाटत नाही. आता हे बोलून दाखवल्यावर बाई दगडाच्या काळजाची आहे असं कुणाला वाटलं तर वाटो.

कारखान्यात एक जुनी पद्धत आहे. आठवड्यातून एकदा, कुठल्या दिवशी ते न सांगता, मुकादम एखाद्या ट्रेमध्ये मुद्दाम एक तडकलेला कप घालून ठेवतात. त्याला आम्ही चोर म्हणतो. वाजवणारीने चोर धरला की हात वर करायचा. मुकादम येतात, कप उचलतात आणि काही न बोलता निघून जातात. शाबासकी नाही, काही नाही. बावीस वर्षांत माझ्या हातून एक चोर सुटला नव्हता. बाजूच्या खोलीत कपांची बुडं घासायची मशीन दिवसभर किरकिरत असते, तरीसुद्धा. म्हणून तर कामावर माझं नाव कानवाली पडलं.

आता नावडत्या आवाजाचं सांगते. नावडते तसे खंडीभर आहेत, पण सगळ्यांत वरचा नंबर एकाचाच: सासूबाई दुधाचं भांडं खरवडतात तो. रोज सकाळी सव्वासहाला. दूध तापवून दुसऱ्या पातेल्यात ओतलं की बुडाला जे चिकटून राहतं ते त्या स्टीलच्या चमच्याने खरवडून खरवडून काढतात आणि उभ्या उभ्याच खातात. चर्र, चर्र, चर्र. तो आवाज माझ्या दाढांतून थेट मेंदूत जायचा. मी अंथरुणातूनच ओरडायचे, "आई, पुरे करा ते!" त्या आणखी चार फटके जास्त मारायच्या. लाकडी चमचा आणून दिला, तो त्यांनी कुंडीतल्या रोपाला आधार म्हणून खोचला. भांडं भिजत घालून ठेवलं तर म्हणाल्या, "आम्ही सात भावंडं. खरवड ज्याच्या वाट्याला यायची तो त्या दिवशीचा राजा. मला तो आवाज ऐकल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही. तुला नसेल सोसत तर कापूस घाल कानात."

त्यांच्या या आडमुठेपणाची सुरुवात मीच केली होती, हेही खरं. लग्न होऊन आले त्या दिवशी त्यांनी मला चहा दिला, स्वतःच्या माहेरच्या कपात. पांढरा कप, काठाला हिरवी रेघ. आपल्या आईची एवढी एकच वस्तू त्यांच्याकडे होती. मी चहा प्यायले, कप विसळला आणि सवयीने नखाने वाजवला. बद्द वाजला. मी म्हटलं, "हा गेलाय. फेकून द्या." मला वाटलं मी त्यांचा हात भाजण्यापासून वाचवतेय. घरात चार बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर मी हे बोलले. सासूबाईंचा चेहरा उतरला तो मी बघितला, पण का उतरला हे कळायला मला बरीच वर्षं लागली. "तुझे कान तुझ्या कारखान्यात ठेव," एवढंच त्या म्हणाल्या. तेव्हापासून तो कप त्या एकट्याच वापरतात. त्यात गरम चहा कधी ओतत नाहीत, आधी कोमट करून घेतात. तरीही कपाला काही झालेलं नाही हे त्या मला अधूनमधून ऐकवायच्या. "बघ, गेलेल्या कपातून पितेय."

असं आमचं एकोणीस वर्षं चाललं होतं. आणि मग गेल्या वर्षी कधीतरी, नक्की कधी ते मला सांगता येणार नाही, सकाळचं खरवडणं बंद झालं.

पहिल्यांदा माझ्या लक्षातही आलं नाही. एका सकाळी जाग आली तेव्हा घड्याळात पावणेसात झाले होते आणि माझ्या डोक्यात तिडीक गेलेली नव्हती. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडा गेला, महिना गेला. मला वाटलं, म्हातारी वठणीवर आली. मग माझीच मला लाज वाटली. सत्तरी ओलांडलेल्या बाईने माझ्यासाठी तिच्या आयुष्यातला एवढासा आनंद सोडला, तोही बोलून न दाखवता, आणि मी त्यात स्वतःचा विजय बघतेय.

मी बदलले. खोटं कशाला बोलू, मनापासून बदलले. त्यांच्या टाचांना भेगा पडायच्या, त्यांच्यासाठी मऊ चपला आणल्या. सुट्टीच्या दिवशी त्यांची वेणी घालून द्यायला लागले. त्यांच्या बहिणींच्या त्याच त्या गोष्टी ऐकायला बसायला लागले. त्या बोलताना मध्येच तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात, ते मला नीट लागायचं नाही, पण मी मान डोलवायचे. सासूबाई सुरुवातीला माझ्याकडे संशयाने बघायच्या. नवऱ्याने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "काही झालंय का? डॉक्टरकडे वगैरे गेली होतीस का?" मी म्हटलं, माणसाने चांगलं वागायचंच नाही का? तो म्हणाला, "वाग ना. फक्त आधी सांगत जा."

त्या महिन्यांत मी सुखी होते. घरी शांतता आणि कामावर इज्जत. चोर हल्ली येत नव्हता हेही माझ्या ध्यानात आलं होतं. वाटलं, मुकादमांनी माझी परीक्षा घेणं सोडलं. बावीस वर्षांनंतर तरी माणसाने विश्वास टाकावाच.

गेल्या शुक्रवारी सुट्टी होताना मुकादम माझ्या टेबलाशी आले. स्टूल उचलून माझ्यासमोर ठेवलं, ओढलं नाही. त्यांना माझ्या सवयी माहीत आहेत. मग पिशवीतून एकेक करून तीन कप काढून टेबलावर ठेवले. तिन्हींच्या बुडाला माझा निळा ठिपका होता.

"हे काय?" मी विचारलं.

"चोर," ते म्हणाले. "तीन आठवड्यांचे तीन. पॅकिंगला जायच्या आधी मीच काढून घेतले."

मी तिन्ही कप दांडीने वाजवले. तीनदा वाजवले. माझ्या कानाला ते धड लागले. मी म्हटलं, "मुकादम, तुमचा काहीतरी गोंधळ झालाय. हे चांगले आहेत." त्यांनी एक कप उचलला, भिंतीजवळच्या किटलीतलं गरम पाणी त्यात ओतलं. कपावर बुडापासून काठापर्यंत एक रेघ उमटली आणि पाणी माझ्या टेबलावर पसरलं. त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने ते पुसून घेतलं.

"सर्दी झालीय मला," मी म्हटलं.

"तीन आठवडे?"

मी तो तडकलेला कप उचलून पत्र्याच्या डब्यात टाकला.

"बाई, हे मी वर कळवलेलं नाही. पण सोमवारी मॅनेजर स्वतः वर्षाची तपासणी घेणार आहेत. दहा कप ठेवतील, त्यांतले किती बद्द ते तुम्ही सांगायचं. चुकलात तर टेबल जाईल आणि सगळ्यांच्या देखत जाईल. मला ते बघवणार नाही." त्यांनी फडकं पुन्हा खांद्यावर टाकलं. "माझ्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं, याच टेबलावर. आधी बारीक आवाज जातात. जाडे राहतात, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. हाताला सवय असते, मग तार मनच वाजवतं. घरी काही ऐकू येईनासं झालंय का? रोजचं एखादं?"

"नाही," मी ताडकन म्हटलं. "माझ्या घरात सुई पडलेली मला कळते."

घराकडे चालत निघाले आणि अर्ध्या वाटेवर पाय आपोआप थांबले. रोजचं एखादं. चर्र, चर्र, चर्र. तो आवाज मी नेमका कधीपासून ऐकलेला नाही?

आता प्रश्न एकच होता, आणि त्याचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी सव्वासहाला मिळत होतं. सासूबाईंनी खरवडणं सोडलं असेल, तर माझ्या कानांचं फारसं काही बिघडलेलं नव्हतं. सर्दी असेल, मळ असेल, चार थेंब घालून सुटेल. आणि त्यांनी सोडलं नसेल, तर गेल्या कित्येक महिन्यांत मी ठिपका लावलेले किती कप लोकांच्या हातात उलले असतील, हे मला देवाशिवाय कुणी सांगू शकणार नव्हतं. मुकादमांनी तीन चोर धरले. त्याआधीचे चोर मोठ्या तड्याचे म्हणून मला सापडले असतील. बाकीचे कुणी मुद्दाम घातलेले नव्हते, त्यांना कोण धरणार? कुणाच्या तरी मांडीवर चहा सांडला असेल. कुणाचं तरी पोर पोळलं असेल. मी मात्र घरी सासूची वेणी घालत स्वतःवर खूश होते.

उत्तर पाहिजे तर उठून बघायचं, एवढं सोपं होतं. पण शनिवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, मी सव्वासहाला जागी असूनही उशीत तोंड खुपसून पडून राहिले. कान टवकारले, पार डोकं दुखेपर्यंत. काही नाही. काही नाही म्हणजे काय, हेच तर कळत नव्हतं. मग नवऱ्याला विचारलं, "अहो, आई हल्ली दुधाचं भांडं खरवडतात का?"

"खरवडतात म्हणजे?"

"चमच्याने. सकाळी. एकोणीस वर्षं आम्ही ज्याच्यावरून भांडतोय ते."

त्याने डोकं खाजवलं. "तुम्ही भांडायचात ते आठवतंय. कशावरून ते मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा गॅलरीत असतो ना."

हसू यायला हवं होतं. मला रडू आलं. तो घाबरून माझ्याकडे बघत बसला आणि मग कामाला निघून गेला.

सासूबाईंना सरळ विचारण्याची हिंमत माझ्यात नव्हती. त्यांनी सोडलं म्हटलं तर मी विश्वास ठेवला असता, आणि मला त्याचीच भीती वाटत होती. दिवसभर मी घरातल्या वस्तू वाजवत हिंडले. पेला, झाकणं, खिडकीची काच. सगळं वाजत होतं. पण ते कानाला वाजत होतं की मनाला, ते मला सांगता येईना. सासूबाई दारातून माझ्याकडे बघत होत्या.

रविवारी सहा वाजता उठले. अनवाणी जाऊन स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून उभी राहिले. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी दूध ओतून घेतलं. चमचा घेतला. भांडं डाव्या हाताने कलतं धरलं.

त्यांचा उजवा कोपर हलायला लागला. पुढे, मागे, पुढे, मागे, अगदी जोर लावून. खांदासुद्धा हलत होता.

मला ऐकू आलं ते एवढंच: कुणीतरी दुसऱ्या खोलीत चादर झटकावी तसं काहीतरी.

एकोणीस वर्षं ज्या आवाजाला शिव्या घातल्या तो आता समोर होता, आणि तो यावा म्हणून मी वाट्टेल ते द्यायला तयार होते. दात आंबले असते तरी चाललं असतं. मी पुढे गेले आणि भांड्याच्या बाहेरच्या बाजूला तळवा लावला. भांडं थरथरत होतं. तळव्याला सगळं कळत होतं.

सासूबाई दचकल्या, मग थांबल्या. "आलीस?" त्या म्हणाल्या. "आलीस एकदाची भांडायला? बरं झालं बाई."

"तुम्ही रोज खरवडता?"

"रोज म्हणजे काय, न चुकता. आता तर मुद्दाम जोरात करते. तू ओरडायची थांबलीस तेव्हा मला वाटलं, चला, हिने मला माफ केलं. मग वेण्या काय घालायला लागलीस, चपला काय आणल्यास. मला भीतीच वाटायला लागली. म्हटलं, ही आतून तुटली की काय आपल्याशी? माणूस भांडायचं थांबतं ते एक तर जीव जडल्यावर, नाहीतर जीव उठल्यावर. म्हणून दोन महिने बडवतेय हे भांडं, तू येऊन एकदा ओरडावंस म्हणून." मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. तो अजून भांड्यालाच चिकटलेला होता. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा हाताकडे बघितलं. चमचा खाली ठेवला.

"तुला ऐकू येत नाही हे?"

मी मान हलवली.

"माझं बोलणं येतंय?"

"बोलणं येतं. बारीक काही येत नाही." आणि मग तिथेच ओट्याला टेकून मी त्यांना सगळं सांगितलं. चोर, मुकादम, उद्याचे दहा कप. आमच्या घरात मी त्यांच्यापाशी रडल्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही, तसा त्यांचा स्वभाव नाही. पदराने स्वतःचे हात पुसले, फळीवरून दोन कप काढले आणि माझ्यासमोर ठेवले. एक आमच्याच कारखान्यातला नवा. दुसरा हिरव्या रेघेचा.

"वाजव," त्या म्हणाल्या.

मी नवा वाजवला. मग त्यांचा वाजवला. पुन्हा नवा, पुन्हा त्यांचा. डोळे मिटून वाजवले, डावा कान लावून, उजवा कान लावून. टक. टक. टक. टक. लग्नाच्या दिवशी ज्या कपाला चार बायकांसमोर मी एका टिचकीत गेलेला ठरवलं होतं, तो आज नव्या कपाशेजारी ठेवला तर मला निवडता येत नव्हता.

"कळतंय काही?"

"नाही."

सासूबाईंनी माझ्या हातातून दोन्ही कप घेतले. आपल्या नखाने आधी नवा वाजवला, मग आपला. मान तिरकी करून ऐकलं. त्यांचा चेहरा अगदी त्या पहिल्या दिवसासारखा झाला.

"बद्द वाजतोय माझा," त्या म्हणाल्या. "तेव्हाही तसाच वाजला होता. मला तेव्हाच ऐकू आलं होतं, गं. पण माझ्या आईचा कप, आणि तू नवीन आलेली पोर. कसं कबूल करू?"

एवढी वर्षं मला हे वाक्य हवं होतं. भांडणात, जेवताना, झोपेत, मी ते कितीदा त्यांच्या तोंडी घालून बघितलं होतं. आता ते आलं, आणि ते खरं की खोटं हे मला त्यांच्यावर विश्वास ठेवूनच मानायचं होतं.

"उद्या काय करशील?" त्यांनी विचारलं.

"दहा कप मांडायच्या आधीच दांडी मुकादमांच्या टेबलावर ठेवीन. तपासणी देणार नाही. कपांचंही सांगेन, माझा ठिपका लागून जे बाहेर गेले त्यांचं."

"काढून टाकतील?"

"पॅकिंगला बसवतील, बसवलं तर."

त्यांनी मान डोलवली. गॅलरीतून नवरा रिकामा कप घेऊन आत आला, आम्हा दोघींना एकत्र बघून तसाच परत गेला. सासूबाई हिरव्या रेघेचा कप दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या.

"मग आता हा फेकून देऊ का?" त्या म्हणाल्या. "तू सांगशील तसं."

मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि नव्या कपाशेजारी फळीवर ठेवला.

"राहू दे, आई," मी म्हटलं. "मला आता दोन्ही सारखेच."